रोज चालते, तरी हाडं ठिसूळ कशी?

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे. मिरजेत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. कित्येक वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालते. गेल्या वर्षी आई (वय ७३) न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्यानंतर आमच्या कॉलनीत एक मोफत तपासणी शिबिर झालं. तिथे मशीनवर टाच ठेवायला सांगितली आणि ‘तुमची हाडं ठिसूळ व्हायला लागलीत’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. माझी पाळी सहा-आठ महिन्यांपासून अनियमित आहे. मुलगी म्हणते, जिमला जा, वजनं उचल. जाऊबाई म्हणतात, ‘हाडं ठिसूळ म्हणतेस आणि वजन उचलतेस, मोडून घ्यायचीत का?’ घरकाम सगळं मीच करते. चालणं आणि घरकाम पुरेसं नाही का? सूर्यनमस्कार चालतील का? आणि आईला आता काही व्यायाम करता येईल का?

उत्तर : ताई, मुलीचं बरोबर आहे. जाऊबाईंची काळजी खोटी नाही, पण तिचा रोख चुकलाय. वजन उचलताना दुखापत होते ती बहुतेक वेळा पाठ वाकवून, झटका देऊन किंवा झेपत नसताना उचलल्यामुळे. नीट शिकून, थोडं थोडं वाढवत उचललेलं वजन हाडांना जेवढा फायदा देतं तेवढा दुसरा कुठलाही व्यायाम देत नाही. चालणं सोडू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते हवंच आहे. फक्त हाडांचं काम त्याच्यावर सोपवू नका.

आधी त्या शिबिराचा निकाल बाजूला ठेवू. टाचेची ती तपासणी अल्ट्रासाउंडची असते. कुणाला पुढच्या तपासणीची गरज आहे हे चाळून काढायला ती ठीक, पण तिच्यावरून निदान होत नाही. त्या कागदावर लाल-पिवळ्या पट्ट्यात बाण दाखवलेला असतो, तो पाहून बायका महिनाभर झोपत नाहीत, आणि शिबिराच्या टेबलावर गोळ्यांचे डबे मांडलेलेच असतात! तुम्हाला हवा आहे हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, कंबरेच्या मणक्यांचा आणि खुब्याचा. झोपून दहा-पंधरा मिनिटांत होतो, सुई नाही, बोगदा नाही, क्ष-किरणांचं प्रमाणही अगदी कमी. मिरज-सांगलीत तो होतो. त्यात येणारा टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी बाईच्या हाडांशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर हाड विरळ (ऑस्टिओपेनिया), आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. एक लक्षात ठेवा, चणीने लहान बाईचा आकडा या मशीनवर थोडा कमीच दिसतो, कारण मशीन हाडाची खोली मोजत नाही. आकडा एकटा वाचायचा नसतो.

या वयात सगळ्याच बायकांना मी डेक्सा सांगत नाही. तुम्हाला सांगते आहे ते आईच्या खुब्यामुळे. आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असणं हा स्वतंत्र धोका धरला जातो. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारी ‘फ्रॅक्स’ नावाची पद्धत ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठातून २००८ साली आली, तिच्या मोजक्या प्रश्नांत हा एक प्रश्न आहे. बाकीचे प्रश्नही डॉक्टरांकडे जाण्याआधी स्वतःला विचारून ठेवा. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तोंडाने स्टिरॉइड घेतलं आहे का? किरकोळ पडण्याने पूर्वी कधी मनगट मोडलंय का? तंबाखू, मिश्री? थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त डोसची तर नाही ना? आणि हे सदर वाचणाऱ्या इतर बायकांसाठी : तिशी-पस्तिशीत पिशवी काढताना अंडाशयंही काढली असतील, तर हाडांच्या हिशेबाने पाळी त्याच दिवशी गेली. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारने चौकशी समितीही नेमली. चर्चा झाली ती पैशाची आणि मुकादमांची, जी व्हायलाच हवी होती. त्या बायकांच्या हाडांबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

आता चालणं का पुरत नाही ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं आपोआप जुळतं. हाड हे जुन्या वाड्यासारखं समजा, ज्यात वर्षभर कुठे ना कुठे डागडुजी चालू असते. काही पेशी जुना भाग पाडतात, दुसऱ्या मागोमाग नवा बांधतात. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असतं, मग बरीच वर्षं बरोबरी. पाडणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन करतं. पाळी जाताना ते घटलं की पाडकाम सुसाट सुटतं आणि पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं सर्वात जास्त नुकसानीची असतात. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस आहे, युरोप-अमेरिकेतल्या बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे तुमचं पत्र अगदी वेळेवर आलंय.

नवं हाड कुठे बांधायचं हे ठरतं ते भारावरून. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये हे मांडलं, की हाडावर जसा भार येईल तशी त्याची रचना बदलते. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. उलट अवकाशस्थानकात वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होत असे, आणि तेही तरुण, धडधाकट, रोज व्यायाम करणाऱ्या लोकांचं. म्हणून तिथे आता जड वजनाचा ताण देणारं खास यंत्र बसवलंय. पोहणं आणि सायकल हे उत्तम व्यायाम, पण त्यात शरीराचं वजन पाणी किंवा सीट पेलतं, त्यामुळे हाडांना त्यातून फारसं काही मिळत नाही.

पण भार म्हणजे कुठलाही भार नव्हे. हाड सवयीच्या भाराकडे लक्ष देत नाही. नेहमीपेक्षा जास्त, थोडा झटक्याने येणारा, वेगळ्या दिशेने येणारा भार आला तरच ते हलतं. आणि त्याला दिवसभर राबवायची गरज नसते. जपानमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये उंदरांना उड्या मारायला लावल्या, तर दिवसाला फक्त पाच उड्यांनीही हाड जाड आणि मजबूत झालं. त्याहून खूप जास्त उड्या मारून त्या मानाने विशेष काही वाढलं नाही. थोडं, जोरकस आणि मधे विश्रांती, हे हाडांचं गणित आहे. चालताना पायावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त असतो, आणि तोच भार तुमची हाडं तुम्ही दीड वर्षाच्या असल्यापासून पेलतायत. पाऊण तासाचा दीड तास केला तरी त्यांना नवीन काही कळत नाही.

घरकामाचंही तेच. दमणूक खरी आहे, ती कुणी नाकारू नये. पण तीच बादली, तोच केर, तीच कणीक वीस वर्षं चालली आहे, त्यात वाढ नाही. शिवाय बरंचसं काम पाठ वाकवून होतं. ‘आमच्या आज्या कुठे जिमला गेल्या होत्या’ असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. त्या आज्यांपैकी कितीजणी सत्तरीत पोक काढून चालायच्या तेही आठवायला सांगा. कोसभर हंडे वाहणाऱ्या बाईच्या ताटात दूध आणि डाळ नसेल, तर नुसत्या ओझ्याने हाड बनत नाही.

जाऊबाईंना सांगायला एक भक्कम उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच विरळ असलेल्या शंभरेक बायकांवर अभ्यास झाला, सरासरी वय पासष्टच्या आसपास. निम्म्या बायकांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, तज्ज्ञांच्या नजरेखाली खरोखर जड वजनं उचलली : जमिनीवरून उचलणं, खांद्यावर घेऊन उठाबशा, डोक्यावर ढकलणं, आणि उडी मारून दणकन उतरणं. बाकीच्या घरी हलके व्यायाम करत होत्या. जड उचलणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली, हलके व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून जास्त घटली. कुणाचं हाड मोडलं नाही. तीन टक्के तुम्हाला थोडे वाटतील, पण जिथे दरवर्षी घट ठरलेली आहे तिथे आहे ते टिकवणं हीच मोठी कमाई. आणि ‘तज्ज्ञांच्या नजरेखाली’ हे शब्द विसरू नका, यूट्यूबवर पाहून थेट तिथे उडी घ्यायची नाही.

तुम्ही कशी सुरुवात करावी? आठवड्यातून दोन दिवस ठरवा, मधे किमान दोन दिवसांचं अंतर ठेवून. मंगळवार-शुक्रवार म्हणा. पहिला महिना वजनाचा नाहीच, वळण लावण्याचा. सर्वात महत्त्वाचं शिकायचं ते खुब्यातून वाकणं. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा, डोकं, दोन्ही खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी तो टेकलेला हवा. आता गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे न्या, जणू मागच्या दाराला ढुंगणाने धक्का द्यायचाय, आणि छाती पुढे झुकू द्या. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेलाच राहिला पाहिजे. सुटला म्हणजे पाठ वाकली. हे आरशापुढे जमेपर्यंत काही उचलू नका. जमलं की पाण्याची अर्धी बादली, मग पूर्ण. नंतर दोन्ही हातात दोन, म्हणजे भार एका बाजूला पडत नाही. ही एक गोष्ट आयुष्यभर उपयोगी पडते. भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास जातो आणि तो सरकवताना कंबर धरलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात.

दुसरी, उठाबशा. खुर्चीच्या कडेला बसून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, धपकन नाही. दहा वेळा सहज जमलं की छातीशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरून. तिसरी, डोक्यावर ढकलणं. उभं राहून खांद्याच्या उंचीवरून दोन्ही हातांनी वजन वर, कोपरं सरळ होईपर्यंत. एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी सुरू करा, पण तिथेच थांबू नका. चौथी, ओढणं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो कोपरं मागे नेत छातीकडे खेचायचा, पाठीच्या वरच्या भागासाठी. पोक येतं ते इथल्या स्नायूंनी हार मानल्यावर.

किती जड? याचं उत्तर किलोत देता येत नाही. आठ ते दहा वेळा नीट करता यावं आणि त्यापुढच्या दोन-तीन वेळा अवघड वाटाव्यात, तेवढं. असे दोन-तीन फेरे, मधे दीड-दोन मिनिटं बसायचं, खरंच बसायचं. पंधरा वेळा गप्पा मारत होत असेल तर वजन वाढवायची वेळ झाली. बऱ्याच जिममधल्या लेडीज बॅचमध्ये चाळिशीपुढच्या बाईच्या हातात एक-एक किलोची गुलाबी डंबेल देऊन पन्नास वेळा हलवायला लावतात, आणि पुढच्या वर्षीही तीच डंबेल. त्याचे पैसे देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी घरच्या पिशव्या कमी पडायला लागतील, तेव्हा जिम शोधा किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि पहिल्याच दिवशी सांगा की मला डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) शिकायचेत. समोरच्याने ‘मॅडम, या वयात?’ म्हटलं की दुसरी जिम.

उड्यांबद्दल. डेक्सा ठीक आला आणि गुडघ्यांची तक्रार नसेल, तर वजनाच्या दिवशी शेवटी दहा-वीस उड्या पुरतात. आधी नुसत्या टाचा उचलून दणकन टेकायच्या. दोन-तीन आठवड्यांनी जागच्या जागी छोट्या उड्या, प्रत्येक उडीनंतर दहा-पंधरा सेकंद थांबून. सलग दोरीवरच्या उड्यांनी दम लागतो, हाडांना त्या सुट्या उड्यांपेक्षा जास्त काही देत नाहीत. मंगळागौरीच्या खेळांत हे सगळं आहेच, झिम्मा, पिंगा, वेगवेगळ्या दिशांना उड्या. फक्त श्रावणातल्या एका रात्रीवर वर्ष निघत नाही, आणि फुगडीत हात सुटला तर मनगट आधी जातं.

उडी मारताना लघवी निसटते म्हणून कितीतरी जणी व्यायामच सोडतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. बाळंतपणानंतर आणि पाळी जाताना हे फार सर्रास होतं, आणि यावर उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, तीनेक महिन्यांत बराच फरक पडतो. तोवर उड्या बाजूला ठेवा, टाचा आपटणं आणि वजनं चालू द्या.

सूर्यनमस्कार चालतील का, तर तुमचा डेक्सा येईपर्यंत थोडे बदल करून चालतील. हातांवर भार येतो, तो मनगटाला चांगला. प्रश्न आहे पुढे वाकण्याचा. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये १९८४ साली ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांचा एक छोटा अभ्यास झाला होता. पाठ पुढे गोल करण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के बायकांच्या मणक्यांत नव्या चिरा दिसल्या, पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. अभ्यास लहान होता, पण तेव्हापासून कमजोर मणक्याच्या माणसाला आम्ही पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पोटासाठीच्या सिट-अप्स देत नाही. तुम्ही हस्तपादासनात गुडघे वाकवा, पाठ सपाट ठेवा, हात जमिनीला लागले नाहीत तरी चालेल. भुजंगासन आणि शलभासन मात्र मनापासून करा. रथसप्तमीला १०८ चा संकल्प वगैरे यंदा राहू द्या. डेक्सा उणे २.५ च्या खाली आला, किंवा उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल, तर व्यायामाचा आराखडा समोर बसूनच ठरवावा लागेल. अशा वेळी व्यायामासोबत औषधही लागतं, त्याला पर्याय म्हणून व्यायाम करायचा नसतो.

खाण्याचं थोडक्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, कपभर दुधात अडीचशे-तीनशे, शिवाय दही, तीळ, राजगिरा आहेच. दोन भाकऱ्या नाचणीच्या, दोनदा दूध-दही आणि तिळाची चटणी एवढ्यावर बरंच भागतं. कमी पडेल तेवढ्याच गोळ्या, जेवणाबरोबर, एका वेळी पाचशेपेक्षा जास्त नको. प्रथिनं विसरू नका, वजनाच्या किलोमागे निदान एक ग्रॅम. ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. साठ हजार युनिटची पुडी बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यायची असते. रोज घेऊन उलट्या आणि किडनीचा त्रास ओढवून घेतलेले लोक मी पाहिलेत.

डेक्सा आत्ता केला की पुढचा दीड-दोन वर्षांनी. हाडाची डागडुजी सावकाश चालते, तीन महिन्यांनी स्कॅन करून काही दिसत नाही. तोवर ताकद वाढलेली तुम्हाला पिशव्या उचलताना कळेलच. आणि कुकरच्या शिट्या होईपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहा, मग बोटही काढा. हाड कितीही विरळ असलं तरी खुबा आणि मनगट बहुतेक वेळा पडल्यावरच मोडतं, म्हणून तोल हाही हाडांचाच व्यायाम.

आता आई. व्यायाम करता येईल, आणि करायलाच हवा. एकदा खुबा मोडलेली माणसं पुन्हा पडण्याच्या भीतीने बसून राहतात, पाय बारीक होतात, आणि त्यामुळेच पुन्हा पडतात. न्यूझीलंडमधल्या ओटागोच्या वैद्यकीय शाळेने १९९० च्या दशकात वृद्धांसाठी घरच्या घरी करायचे व्यायाम तयार केले. खुर्चीवरून उठणं, पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणं, ओटा धरून बाजूला पाय उचलणं, एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच टेकवत चालणं, असं साधंच सगळं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. फिजिओथेरपिस्टला दोन-तीनदा घरी बोलवून आईच्या सांध्याला काय चालतं ते ठरवून घ्या. ऑपरेशनमध्ये खुबा बदलला की रॉड टाकला यावर कुठल्या हालचाली टाळायच्या ते अवलंबून असतं. न्हाणीघरात भिंतीला दांडी, सुटं पायपुसणं बंद, रात्री दिवा.

आणि डिस्चार्जचा कागद पुन्हा काढून बघा. खुब्याचं ऑपरेशन उत्तम होतं, टाके निघतात, आणि हाडं ज्यामुळे एवढी कमजोर झाली त्या ऑस्टिओपोरोसिसवर औषधच सुरू होत नाही, हे मी फार वेळा पाहते. त्यात फक्त कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व लिहिलेलं असेल, तर आईला घेऊन याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा आणि विचारा, हाड टिकवायचं औषध, ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदाचं इंजेक्शन, आईला द्यायचं का, आणि द्यायचं नसेल तर का नाही. जाताना तिचा किडनीचा रिपोर्ट आणि दातांचं काही काम राहिलं असेल तर त्याची माहिती बरोबर असू द्या, दोन्ही विचारतील.